वाचकांचे प्रश्न : वाटणीनंतरचा व्यापार

मागच्या अंकात भारत-ब्रिटन व्यापार करारावर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख मात्र करारापेक्षा त्याच्या आधीच्या गोष्टीवर आहे. ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल २०१६मध्ये दिला, मग त्यांची आपापसातली बोलणी अजून का सरत नाहीत? सत्तावीस वर्षं मी न्हावा-शेव्याला निर्यातीचे कागद केले. शिपिंग बिल, बीएल (जहाजावर माल चढल्याची पावती), ओरिजिन सर्टिफिकेट (माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला) यांतच दिवस जायचा. आता निवृत्त होऊन सानपाड्याला राहते. राजकारणातलं भाकीत मला जमत नाही, पण सीमेवर कागद कुठे अडतो ते मी जवळून पाहिलं आहे. तेवढ्या आधारावर उत्तरं देते.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन देशांचे नियम वेगळे असतात म्हणून करार करायला वेळ लागतो, हे समजतं. पण ब्रिटन बाहेर पडलं त्या दिवशी त्याचे आणि युरोपचे नियम एकच होते. मग हा करार सगळ्यात सोपा व्हायला हवा होता ना?
— एक विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे

तुझ्यासारखंच ब्रिटनमधल्या काही मंत्र्यांनाही वाटलं होतं. नियम एकच, ड्युटी शून्य, सही करायची आणि मोकळं व्हायचं.

पण नेहमीच्या व्यापार करारात दोन बाजू जवळ येत असतात. दोघांनाही घरी जाऊन सांगता येतं की आम्ही अमुक मिळवून आणलं. इथे दोघं लांब जायला बसले होते. जे आधीच उघडं होतं त्यातलं काय आणि किती बंद करायचं, एवढंच ठरवायचं होतं. अशा बैठकीतून उठणाऱ्याच्या हातात दाखवण्यासारखं काही नसतं, आणि म्हणून तिथे कोणी पटकन हो म्हणत नाही.

तारखा बघ. कौल २३ जून २०१६चा, बाहेर पडायच्या बाजूनं ५१.९ टक्के. २९ मार्च २०१७ला ब्रिटननं युरोपीय संघाच्या तहातल्या कलम ५०खाली, म्हणजे बाहेर पडायच्या कलमाखाली, नोटीस दिली आणि त्या दिवसापासून दोन वर्षांची मुदत चालू झाली. मुदतीत काही ठरलं नाही तर काहीच न ठरता बाहेर. मुदत वाढवून हवी तर उरलेल्या सगळ्या सत्तावीस देशांचा होकार हवा. म्हणजे जो निघाला त्याच्याच डोक्यावर घड्याळ. आमच्या धंद्यात नव्या पोरांना पहिली गोष्ट सांगायचे ती हीच, की कंटेनर पोर्टवर उभा असताना दराची घासाघीस करायला बसू नका. प्रत्येक दिवसाचं भाडं तुमच्या नावावर चढत असतं आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

युरोपच्या बाजूनं मिशेल बार्निए बोलत होते. आधी तीन गोष्टी मिटवा, मग व्यापाराचं बोलू, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. एकमेकांच्या देशात राहणाऱ्या नागरिकांचे हक्क, ब्रिटनचं देणं आणि आयर्लंडची सीमा या त्या तीन गोष्टी. ब्रिटनला सगळं एकत्र बोलायचं होतं, पण जून २०१७च्या पहिल्याच बैठकीत त्यांनी हा क्रम मान्य केला. माझ्या मते पुढचं निम्मं तिथेच ठरलं. देणं आधी कबूल केल्यावर हातात उरतं काय?

डिसेंबर २०१७मध्ये बार्निए यांनी युरोपच्या नेत्यांना एक चित्र दाखवलं होतं. ते शोधून बघ, तुझ्या परीक्षेलाही उपयोगी पडेल. एक जिना आहे आणि प्रत्येक पायरीवर एकेका देशाचा झेंडा. नॉर्वेच्या पायरीवर सवलती भरपूर, पण युरोपचे नियम पाळायचे, माणसांना मोकळं येऊ-जाऊ द्यायचं आणि पैसेही भरायचे. ब्रिटनला ते नको होतं, म्हणून एक पायरी खाली. तुर्कस्तानच्या पायरीवर बाहेरच्या मालावरची जकात युरोपबरोबर एक, पण मग दुसऱ्या देशांशी व्यापाराचे करार आपल्या मर्जीनं करता येत नाहीत. तेही नको. असं करत करत ब्रिटन कॅनडा आणि दक्षिण कोरियाच्या पायरीवर येऊन थांबलं. त्याखाली फक्त ‘करार नाही’ एवढंच होतं. मला हे चित्र फार प्रामाणिक वाटतं. मोकळीक हवी तेवढी घ्या, तेवढी सवलत सोडा. दोन्ही एकाच तागडीत बसत नाहीत.

शिवाय घरातच एकमत नव्हतं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणलेला बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ला त्यांच्याच संसदेनं ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला आणि मार्चमध्ये आणखी दोनदा. तुझ्या सहीला तुझं घर मान देईल की नाही हे तुलाच माहीत नसेल, तर समोरचा तुला शेवटचा भाव कशाला सांगेल? अनुभवाचाही प्रश्न होता. १९७३पासून ब्रिटनचे व्यापार करार ब्रसेल्समधून, म्हणजे युरोपच्या मुख्यालयातून, होत होते. बोलणी करणारी स्वतःची माणसंच उरली नव्हती. जुलै २०१६मध्ये नवं खातं उभं केलं आणि मुख्य सल्लागार न्यूझीलंडहून आणावे लागले.

शेवटी ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडलं. जुनेच नियम ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहिले आणि करार जमला तो २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी. कॅनडाच्या करारावरची बोलणी २००९मध्ये सुरू झाली आणि तो २०१७मध्ये लागू झाला, तोही तात्पुरता. इथे अकरा महिने होते.

आणि सगळ्यात शेवटी कशावर अडलं असेल? मासळीवर. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. ‘एवढ्याशा गोष्टीवर’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं. मला ते पटलं नाही. सारसोळे किंवा दिवाळे कोळीवाड्यात जाऊन विचार, खाडी कोणाची हा प्रश्न पैशात मोजतात का. शेवटी असं ठरलं की युरोपच्या बोटींच्या वाट्यातला सुमारे पाव हिस्सा साडेपाच वर्षांत ब्रिटनकडे यायचा, जून २०२६पर्यंत. मे २०२५मध्ये युरोपच्या बोटींची ब्रिटनच्या पाण्यातली मुभा २०३८पर्यंत वाढवली गेली. बोलणी सरत का नाहीत, त्याचं एक कारण हेच आहे. प्रत्येक कलमाला मुदत आहे आणि मुदत आली की पुन्हा टेबल मांडावं लागतं.

रबाळे एमआयडीसीत आमचं पितळी फिटिंग्जचं छोटं युनिट आहे. आमचा माल रॉटरडॅमच्या गोदामात जातो, तिथून काही जर्मनीला, काही बर्मिंगहॅमला. युरोप आणि ब्रिटनमध्ये ड्युटी शून्य आहे असं वाचलं होतं. तरी बर्मिंगहॅमचा ग्राहक ड्युटी भरावी लागल्याचं सांगतो. चूक कोणाची?
— एक लघुउद्योजक, रबाळे

चूक कोणाचीच नाही, आणि म्हणूनच हे नीट समजून घ्या. शून्य ड्युटी युरोपात किंवा ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालाला आहे. तुमचा माल रबाळ्याला तयार होतो. रॉटरडॅमला तो उतरवून, ड्युटी भरून मोकळा केला म्हणून युरोपचा होत नाही. तो ब्रिटनच्या दारात जातो तेव्हा भारताचाच असतो आणि तिथे पुन्हा ड्युटी लागते. पूर्वी ब्रिटन संघात असताना रॉटरडॅमला एकदा भरलं की डब्लिनपासून अथेन्सपर्यंत कोणी विचारत नव्हतं.

हे मी आज सहज सांगते आहे, पण जानेवारी २०२१मध्ये मला ते वेळेवर सुचलं नव्हतं. आमचे एक जुने ग्राहक होते, तुमच्यासारखंच युनिट, तुमच्यासारखीच वाट. करार झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी पेपरात ‘शून्य ड्युटी, शून्य कोटा’ एवढं वाचलं होतं. त्यावर मी म्हणाले, काळजी करू नका, चाललं आहे तसंच चालू द्या. तीन आठवड्यांनी रात्री दहाला त्यांचा फोन आला. आवाज खाली गेलेला. “मॅडम, एकाच खोक्यावर दोनदा ड्युटी लागली.” तिकडच्या ग्राहकानं वरचा खर्च त्यांच्या बिलातून कापला होता. त्या महिन्याचा नफा गेलाच, वर पुढची ऑर्डर अर्ध्यावर आली. करार बाराशे पानांच्या वर होता आणि मी मथळा वाचून सल्ला दिला होता. त्याची खंत अजून जात नाही. त्यानंतर ओरिजिनचं प्रकरण वाचल्याशिवाय मी कोणालाही कधी तोंडी उत्तर दिलं नाही.

तुम्ही दोन गोष्टी करू शकता. एक, रॉटरडॅमला माल कस्टमच्या देखरेखीखालच्या बॉण्डेड गोदामात ठेवा. म्हणजे ड्युटी न भरता तो तिथे राहतो, जर्मनीला जाईल तेवढ्यावर युरोपची ड्युटी आणि बर्मिंगहॅमला जाईल तेवढ्यावर फक्त ब्रिटनची. दोन, बर्मिंगहॅमचा माल पुरेसा असेल तर न्हावा-शेव्याहूनच त्याची वेगळी बीएल करा आणि थेट फेलिक्सस्टोव्ह किंवा लंडन गेटवे या ब्रिटनच्या बंदरांत पाठवा. भारताच्या मालाला मिळणारी सवलत मागायची असेल तर हा दुसरा रस्ता बरा. माल मधे कुठे मोकळा झालेला नाही हे त्यात आपोआप सिद्ध होतं.

एक गोष्ट जवळून दाखवते. तुमच्या गोदामातल्या लाकडी पॅलेटच्या बाजूला डागलेला शिक्का असेल. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, शेजारी ‘आयएन’ आणि खाली ‘एचटी’. त्या लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग तीस मिनिटं तापवला आहे, आत कीड नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या पॅलेटला हा शिक्का वर्षानुवर्षं लागतोच, तो नसेल तर कंटेनर तिकडच्या बंदरात अडकतो. ब्रिटनचं डोव्हर आणि फ्रान्सचं कॅले यांच्यामध्ये मात्र तो कोणी बघत नव्हतं. १ जानेवारी २०२१पासून तिथेही लागू लागला. रोज हजारो ट्रक जातात, प्रत्येकात पॅलेट, आणि त्यातल्या कित्येक जुन्या पॅलेटना शिक्काच नव्हता. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या बंदरावर ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकाचं हॅम सँडविच काढून घेतल्याचं टीव्हीवर दाखवलं होतं. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशातून आणता येत नाहीत हा युरोपचा नियम जुनाच आहे. ‘बाहेरचा देश’ या शब्दात ब्रिटन पहिल्यांदा आलं होतं.

आमच्या काही मालावर युरोपसाठी सीई मार्क (माल तिथल्या नियमांत बसतो याची खूण) आहे. ब्रिटनसाठी वेगळा मार्क घ्यावा लागेल का?
— तेच वाचक

ब्रिटननं स्वतःचा यूकेसीए मार्क काढला, तो सक्तीचा करायची मुदत एकामागून एक पुढे ढकलली आणि १ ऑगस्ट २०२३ला बहुतेक औद्योगिक मालासाठी सीई मार्क बेमुदत चालेल असं जाहीर केलं. फिटिंग्ज बांधकामात वापरायच्या असतील तर त्यांचा वर्ग वेगळा असू शकतो, तेवढं ग्राहकाकडून लेखी घ्या.

मी वकील आहे, वाटणीचे दावे चालवतो. दोन भावांच्या वाटणीत शेजाऱ्याला बोलायचा हक्क नसतो. ब्रिटन आणि युरोप वेगळे झाले त्यात इतर देशांनी हरकती घेतल्या असं वाचलं. त्यांचा काय संबंध?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

वकीलसाहेब, शेजाऱ्याचा त्या घरातून जायचा रस्ता असेल तर त्याला बोलता येतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. इथे तसंच झालं.

न्यूझीलंडच्या मेंढीच्या मांसाचं उदाहरण घ्या. युरोपीय संघानं न्यूझीलंडला वर्षाला २,२८,२५४ टन मांस सवलतीनं आणायची मुभा दिली होती, आणि जागतिक व्यापार संघटनेकडे ती नोंदलेली आहे. ब्रिटन बाहेर पडताना दोघांनी २०१७मध्ये ठरवलं की आजवर कोणाकडे किती गेलं ते बघून हा आकडा आपसात वाटून घेऊ. बेरीज तीच राहते, म्हणून कोणाचं नुकसान नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यूझीलंडनं, आणि अशाच कोट्यांमुळे अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांनीही, हरकत घेतली. का, ते एपीएमसीतला कोणताही व्यापारी सांगेल. एका वर्षी लंडनला भाव पडला तर तोच माल हॅम्बुर्गला वळवता येत होता. वाटणीनंतर लंडनच्या वाट्याचा माल लंडनलाच. टन तेवढेच राहिले, पण माल वळवायची सोय गेली.

आपल्याकडेही असं असतं. एकत्र कुटुंबाच्या नावावर घेतलेली उधारी वाटणीनंतर कोणी किती फेडायची हे भाऊ ठरवतील, पण सावकाराला ते मान्य व्हायला हवं.

वाशीच्या फळबाजारात आमचा तीन पिढ्यांचा आंब्याचा गाळा आहे. २०१४च्या बंदीत वडिलांना फार सोसावं लागलं. आता ब्रिटन वेगळं झालं, तर हापूस पाठवणं सोपं झालं का?
— एक वाचक, वाशी

ते दिवस मलाही आठवतात. १ मे २०१४, म्हणजे ऐन हंगाम. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघानं आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ बंद केलं. युरोपात आपल्या आंब्याचा मोठा गिऱ्हाईक ब्रिटन, आणि लंडनमधले दुकानदार, खासदार सगळे बंदीविरुद्ध बोलत होते. पण लंडनला एकट्याला दार उघडता येत नव्हतं, कारण निर्णय ब्रसेल्सचा होता. वाशीत गरम पाण्याच्या प्रक्रियेची सोय वापरात आली, ४८ अंशांच्या पाण्यात तासभर फळ ठेवायचं, आणि तपासणी कडक झाली. मग जानेवारी २०१५मध्ये आंब्यावरची बंदी उठली.

आज लंडन स्वतःपुरतं ठरवू शकतं, हे खरं आहे. पण बाहेर पडताना ब्रिटननं युरोपचे बहुतेक नियम जसेच्या तसे आपल्या कायद्यात घेतले. युरोप आणि ब्रिटन अशी दोन दारं झाली आहेत आणि एका दाराचा नियम बदलला तर दुसऱ्याचाही बदलला असेल असं धरून चालता येत नाही.

पुढचं ऐका. मे २०२५मध्ये ब्रिटन आणि युरोप यांचं असं ठरलं की खाण्याच्या वस्तू आणि झाडाझुडपांच्या आरोग्य-नियमांसाठी सामाईक व्यवस्था करायची, आणि त्यात ब्रिटननं युरोपचे नियम, पुढे बदलतील तसे, पाळायचे. सीमेवर तपासणीत अडकणारा भाजीपाला वाचवायचा तर दुसरा मार्ग त्यांना सापडला नाही. आंब्यावर एकट्यानं निर्णय घ्यायची मुभा लंडनला मिळाली, आणि काही वर्षांतच ती मुभा सोडायची बोलणी सुरू झाली. मला यात ब्रिटनचा कमीपणा दिसत नाही. भाजीपाल्याला वाट बघता येत नाही.

आमचा भाग शिळफाट्याजवळच्या चौदा गावांतला. आम्ही महापालिकेतून बाहेर पडलो आणि पुन्हा आत यायला किती वर्षं गेली ते पाहिलं आहे. ब्रिटनला परत जाता येईल का?
— एक ग्रामस्थ

तुमच्या पत्रानं मी थांबले. ही गावं २००७मध्ये नवी मुंबई महापालिकेतून वगळली गेली. तेव्हाचा मालमत्ता कराचा राग मला आठवतो, तो उगाच नव्हता. मग पाणी, रस्ते, कचरा यांसाठी परत घ्या अशी मागणी झाली आणि समावेशाचा शासननिर्णय २०२४मध्ये आला. आत घेण्याचा खर्च कोणी करायचा यावर तेव्हाही वाद होताच.

ब्रिटनला दार बंद नाही. युरोपीय संघाच्या त्याच तहातल्या कलम ४९खाली कोणताही युरोपीय देश अर्ज करू शकतो. पण सगळ्या सदस्यांचा होकार लागतो आणि अर्जदार नवा समजला जातो. १९८४मध्ये मार्गारेट थॅचर यांनी भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट किंवा युरो चलनातून मिळालेली माफी आपोआप परत मिळत नाही. चाळीस वर्षांत जमवलेलं सामान बाहेर पडतानाच सुटलं. त्यामुळे लंडनमधलं सध्याचं सरकारही परत जायचं बोलत नाही, एकेक कलम सुधारून घ्यायचं बोलतं.

वागळे इस्टेटला आम्ही मुलांचे सुती कपडे शिवतो. भारत-ब्रिटन करारामुळे आम्हाला नक्की काय मिळेल आणि आत्तापासून काय करावं?
— एक उद्योजिका, ठाणे

बांगलादेशच्या कपड्यांना ब्रिटनमध्ये शून्य ड्युटी होती आणि आपल्याला भरावी लागत होती, हे तुम्हाला सांगायला नको. भारताच्या जवळजवळ ९९ टक्के वस्तुप्रकारांना शून्य ड्युटी देण्याचं या करारात ठरलं आहे. आपण त्यांच्या व्हिस्कीवरची १५० टक्के ड्युटी आधी ७५वर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४०वर आणायची. बोलणी जानेवारी २०२२मध्ये सुरू झाली. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दिल्लीत येऊन त्या वर्षीच्या दिवाळीची तारीख सांगितली होती. ती दिवाळी गेली, मग आणखी दोन गेल्या. मे २०२५मध्ये जमलं आणि २४ जुलै २०२५ला सह्या झाल्या. बाहेर पडून काही मिळवलं हे ब्रिटनला दाखवायचं होतं आणि ती घाई आपल्या बाजूला दिसत होती. जो आधी तारीख जाहीर करतो त्याच्याकडून समोरचा थोडं जास्त मागतो. आपल्या अधिकाऱ्यांनी तेच केलं, आणि बरोबर केलं.

सही झाली म्हणजे त्याच दिवशी लागू झालं असं नसतं, दोन्हीकडची मंजुरी लागते. म्हणून आधी अधिसूचनेतली लागू होण्याची तारीख बघा, मगच ग्राहकाला नवा दर सांगा. आणि रबाळ्याच्या गृहस्थांना दिलेलं उत्तर वाचा, कारण शून्य ड्युटी तुमच्या कपड्याला मिळायची तर तो भारतात तयार झाला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. कापड भिवंडीहून घेता की बाहेरून आलेलं, हे प्रत्येक लॉटचं बिल सांगतं. बटणं, इलास्टिक, शिवणाचा दोरा यांचीही बिलं लॉटप्रमाणे एका फायलीत लावा. कापड बाहेरच्या देशातलं असेल तर तुमच्या वस्तूचा ओरिजिनचा नियम आधी वाचून घ्या. आणि ऑर्डर घेताना एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक, ग्राहकाशी जुळवा. मुलांचे कपडे आणि तान्ह्या बाळांचे कपडे यांचे कोड वेगळे आहेत, आणि मी पाहिलेल्या कागदांपैकी कितीतरी तेवढ्यावरच परत आले आहेत.